जेवणाबरोबर घ्यायची कॅप्सूल : केमोथेरपीच्या काळातील पॅन्क्रिएटिनचे परीक्षण

स्वादुपिंडाच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगावर केमोथेरपी सुरू झाली की घरात औषधांचे एक स्वतंत्र फडताळच तयार होते. उलटी थांबवणाऱ्या गोळ्या, जुलाबाच्या गोळ्या, पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने, वेदनाशामके, गुळण्यांचे द्रावण, आणि या सगळ्यांच्या मागे कुठेतरी पडलेली एक कॅप्सूल, जिच्या पाकिटावर 'पॅन्क्रिएटिन' असे लिहिलेले असते. बाजारात ती अनेक नावांनी मिळते. क्रेऑन हे त्यांपैकी बहुधा सर्वांत परिचित नाव. हे परीक्षण कोणत्याही एका कंपनीच्या मालाचे नसून या औषधप्रकाराचे आहे. माझ्या वडिलांच्या केमोच्या दुष्परिणामांना तोंड देताना आमच्या घरी ज्या औषधाचा सर्वांत जास्त उपयोग झाला ते हेच, आणि ज्याविषयी आम्हाला सर्वांत कमी सांगितले गेले तेही हेच, म्हणून ते सविस्तर लिहीत आहे.

निरोगी स्वादुपिंड दिवसाला साधारण दीड लिटर पाचक रस लहान आतड्यात सोडते. त्यातील लायपेजमुळे तेल-तूप पचते, प्रोटिएजमुळे डाळी-दुधातील प्रथिने पचतात आणि अमायलेजमुळे भात-पोळीतील पिष्ट. गाठ ग्रंथीच्या डोक्याकडच्या भागात असली की या रसाची वाटच अडते. शिवाय गाठीमागची ग्रंथी हळूहळू सुकत जाते. निसर्गाने यात राखीव साठा मोठा ठेवलेला आहे, इतका की लायपेजचे प्रमाण नेहमीच्या १० टक्क्यांच्या खाली उतरेपर्यंत तेलकट शौच होत नाही. याचा अर्थ असा की ते लक्षण दिसू लागते तेव्हा ग्रंथीचे काम जवळजवळ बंद पडलेले असते. या कॅप्सूलमध्ये तीच तीन एन्झाइम, म्हणजे पाचक द्रव्ये, बाहेरून भरलेली असतात. २५,००० युनिटच्या कॅप्सूलमध्ये ३०० मिलिग्रॅम पॅन्क्रिएटिन असते. २५,००० हा आकडा लायपेजचा असून तिच्यात अमायलेज १८,००० आणि प्रोटिएज १,००० युनिट असते. लहान, म्हणजे १०,००० युनिटच्या कॅप्सूलमध्ये हे प्रमाण अनुक्रमे ८,००० आणि ६०० युनिट असते. आत पावडर नसून तपकिरी रंगाचे बारीक दाणे असतात आणि प्रत्येक दाण्यावर जठरातील आम्लापासून संरक्षण करणारा थर असतो. कॅप्सूलचे कवच जठरात विरघळते, दाणे अन्नात मिसळून पुढे सरकतात आणि लहान आतड्यातील आम्लता कमी झाली की वरचा थर विरघळून एन्झाइम मोकळी होतात.

कॅप्सूल कधी घ्यायची याचे उत्तर या रचनेतच आहे. दाणे अन्नाच्या सोबत आतड्यात पोहोचले तरच त्यांचा उपयोग. अन्न पुढे निघून गेल्यावर आलेले दाणे काहीच करू शकत नाहीत. आमच्या पहिल्या चिठ्ठीवर मात्र १०,००० युनिटची एक कॅप्सूल, दिवसातून तीनदा, जेवणानंतर, असे लिहिलेले होते, आणि आम्ही ती इतर गोळ्यांबरोबर जेवण आटोपून पाणी प्यायल्यावर देत होतो. त्या रुग्णालयाचे नाव मी देत नाही, कारण हा दोष एका ठिकाणचा नाही. नंतर ओळखी झालेल्या जवळजवळ प्रत्येक रुग्णाच्या घरी हीच कॅप्सूल अशीच अपुऱ्या मात्रेत आणि अशाच चुकीच्या वेळी दिली जात असल्याचे मी पाहिले.

माझ्या वडिलांना, म्हणजे अण्णांना, मॉडिफाइड फॉल्फिरिनॉक्स हा उपचार सुरू होता. यात ऑक्सॅलिप्लॅटिन, इरिनोटेकन, ल्यूकोव्होरिन आणि फ्लुरोयुरॅसिल अशी औषधे दर दोन आठवड्यांनी दिली जातात आणि शेवटचे औषध छातीजवळ त्वचेखाली बसवलेल्या केमोपोर्टमधून ४६ तास थेंबाथेंबाने जात राहते. दिवसभर रुग्णालयात काढल्यावर रुग्ण गळ्यात अडकवलेल्या पिशवीत पंप घेऊन घरी येतो. हा उपचार प्रभावी आहे तसा जडही आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधील अभ्यासात, आजार शरीरात इतरत्र पसरलेल्या रुग्णांचे मध्यक आयुर्मान जेमसायटाबीन या केमोच्या औषधावर ६.८ महिने होते आणि फॉल्फिरिनॉक्सवर ११.१ महिने. मध्यक म्हणजे निम्मे रुग्ण त्याहून अधिक काळ जगतात, हे खरे आहे. पण हिशेब महिन्यांचा आहे, हेही तितकेच खरे आहे. म्हणूनच त्या महिन्यांत माणूस कुटुंबासोबत बसून दोन घास खाऊ शकतो का, खाल्लेले त्याच्या अंगी लागते का आणि पुढचे चक्र घेण्याइतके बळ त्याच्यात राहते का, हे प्रश्न मला दुय्यम वाटत नाहीत.

पहिल्या काही चक्रांत अण्णांचे वजन सतत उतरत होते. पोट फुगायचे, जेवल्यावर तासाभराने गडगडायचे, दिवसातून अनेकदा शौचाला जावे लागायचे, आणि 'केमो आहे, हे होणारच' असे आम्हाला सगळीकडून सांगितले जाई. आम्हीही केमोवरच खापर फोडत होतो. फरक लक्षात आणून दिला तो रुग्णालयातील आहारतज्ज्ञ बाईंनी. त्यांनी जुलाब किती वेळा होतात हे विचारण्याच्या आधी शौच कसे दिसते हे विचारले. रंग फिका पिवळा आहे का, पाण्यावर तरंगते का, भांड्याला चिकटून राहते का, दोनदा पाणी सोडूनही जात नाही का, वर तेलाचा तवंग दिसतो का आणि दुर्गंधी नेहमीपेक्षा वेगळी, आंबूस आहे का. सगळ्या प्रश्नांचे उत्तर 'हो' असेच होते. केमोचे चक्र संपून दहा-बारा दिवस झाले तरी ते तसेच असायचे, आणि त्याचा संबंध तारखेशी नसून काय खाल्ले याच्याशी होता. उपासाच्या दिवशी शेंगदाण्याचे कूट घातलेली साबुदाण्याची खिचडी खाल्ली की त्रास वाढत असे, आणि नुसती भाताची पेज घेतली की कमी होत असे. हे जुलाब केमोचे नव्हतेच. अन्न न पचताच बाहेर पडत होते.

या निदानासाठी शौचातील इलास्टेज, म्हणजे स्वादुपिंडाचेच एक एन्झाइम, मोजण्याची तपासणी असते. ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमपेक्षा कमी प्रमाण आल्यास एन्झाइमची कमतरता समजतात आणि १०० च्या खाली ती तीव्र मानतात. पण शौच पातळ असेल तर हा आकडा खोटाच कमी येऊ शकतो. शस्त्रक्रिया शक्य नसलेल्या स्वादुपिंड कर्करोगाच्या रुग्णांना आम्लापासून संरक्षित पॅन्क्रिएटिन देऊ करावे, असे ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेच्या २०१८ च्या मार्गदर्शिकेत स्पष्ट म्हटलेले आहे. आमच्या डॉक्टरांनी तपासणीच्या निकालावर अडून न राहता मात्रा वाढवली : मुख्य जेवणाला २५,००० च्या दोन आणि मधल्या खाण्याला एक. तज्ज्ञांच्या शिफारशींत प्रौढांसाठी सुरुवातीची मात्रा साधारण इतकीच असते आणि लक्षणे पाहून ती पुढे वाढवता येते. वरची मर्यादा दिवसाला दर किलो वजनामागे १०,००० युनिट अशी सांगितली जाते, त्यामुळे वाढ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच करावी, हे वेगळे सांगण्याची गरज नसावी.

मराठी जेवणाच्या ताटाशी या कॅप्सूलचे गणित बसवणे हा आमच्या घरातला सर्वांत उपयोगी उद्योग ठरला आणि त्याचे श्रेय माझ्या वहिनीचे आहे. आपले जेवण एका दमात होत नाही. आधी वरण-भात, मग पोळी-भाजी, शेवटी ताक-भात, आणि आजारी माणूस हे सगळे पाऊण तास रेंगाळत खातो. दोन्ही कॅप्सूल पहिल्या घासाला दिल्या तर ताक-भाताच्या वेळेपर्यंत त्या पुढे गेलेल्या असतात. म्हणून वहिनीने अण्णांच्या ताटात मीठ-लिंबाच्या शेजारी एक छोटी वाटी मांडायला सुरुवात केली. तिच्यातली पहिली कॅप्सूल वरण-भाताच्या पहिल्या घासाबरोबर आणि दुसरी पोळी अर्धी झाल्यावर. वाटी ताटातच असल्यामुळे विसरण्याचा प्रश्न उरला नाही आणि 'अण्णा, गोळी घेतली का?' असे भर जेवणात विचारण्याचा प्रसंगही टळला, जो त्यांना मनापासून आवडत नसे. अन्न तोंडात गेल्याशिवाय कॅप्सूल घ्यायची नाही, हा नियमही यातून आपोआप पाळला गेला. कारण केमोच्या दिवसांत ताट समोर आल्यावर मळमळून ते परत जाण्याची शक्यता नेहमीच असते.

चहाचा प्रश्न आम्हाला उशिरा सुचला. आपल्याकडचा चहा म्हणजे निम्मे दूध, आणि तो दिवसातून तीन-चार वेळा होतो. त्याबरोबर बिस्किट किंवा खारी असेल तर ते खाणेच झाले, आणि त्याला लहान कॅप्सूल लागते. वजन वाढवण्यासाठी दुधात कालवून दिली जाणारी प्रथिनांची पावडरही त्याच हिशेबात येते. ती औषधासारखी पेल्यातून घेतली जाते म्हणून कॅप्सूलशिवाय दिली जाते आणि मग 'पावडर सोसत नाही' असा निष्कर्ष काढला जातो. फळे, सरबत किंवा बिनदुधाचा चहा यांना कॅप्सूलची गरज नसते. कॅप्सूल साध्या पाण्याबरोबर घ्यावी, गरम चहाबरोबर नाही, कारण उष्णतेने एन्झाइम निकामी होतात. ती चावून किंवा कुटूनही घ्यायची नसते.

यानंतरचा मुद्दा तुपाचा आहे, आणि त्यावर माझे मत ठाम आहे. भेटायला येणारा प्रत्येक जण 'तेल-तूप पूर्ण बंद करा' असे सांगून जातो, आणि शौचाचा त्रास पाहता घरच्यांनाही ते पटते. पण वजन वेगाने उतरणाऱ्या माणसाच्या ताटातून सर्वांत जास्त उष्मांक देणारी गोष्टच काढून घेणे म्हणजे दुखणे एकीकडे आणि उपचार दुसरीकडे. आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितले ते उलट होते : तूप बंद करू नका, कॅप्सूल पुरेशी द्या. वरण-भातावर पुन्हा साजूक तूप आले, मेतकूट-भातात चमचाभर तूप पडू लागले, थालीपिठाबरोबर लोण्याचा छोटा गोळा आला, आणि त्रास वाढण्याऐवजी आठवड्याभरात पोट शांत झाले. तळलेले पदार्थ सोसले नाहीत, ते आम्ही दिलेही नाहीत. चवीच्या दृष्टीने या बदलाचे महत्त्व किती मोठे होते हे निरोगी माणसाला कळणे कठीण आहे. केमोने जिभेवर आधीच धातूसारखी चव बसलेली असते. त्यात अन्न उकडलेले आणि कोरडे मिळाले की जेवणावरची वासनाच उडते.

केमोच्या औषधांचे जुलाब हा मात्र वेगळा आणि खरा प्रकार आहे, आणि या दोहोंची गल्लत करणे धोक्याचे आहे. इरिनोटेकन देताना किंवा दिल्यावर २४ तासांच्या आत घाम, डोळ्यांतून पाणी, तोंडाला लाळ आणि पोटात कळ येऊन जुलाब होऊ शकतात. त्यावर रुग्णालयात ॲट्रोपीन देतात. २४ तासांनंतर येणारे जुलाब पाण्यासारखे असतात, रात्री झोपेतून उठवतात आणि खाण्याची वाट पाहत नाहीत. त्यांच्यासाठी लोपेरामाइडची गोळी घरात आधीच आणून ठेवावी लागते आणि ती कशी घ्यायची हे केमोच्या दिवशीच लिहून घ्यावे लागते, कारण इरिनोटेकनसाठी तिची पद्धत नेहमीपेक्षा वेगळी, अधिक तातडीची असते : आधी ४ मिलिग्रॅम आणि मग जुलाब पूर्ण थांबून १२ तास होईपर्यंत दर दोन तासांनी २ मिलिग्रॅम, असा तिचा सर्वसाधारण क्रम आहे. अशा जुलाबांवर पॅन्क्रिएटिन वाढवून काहीही साध्य होत नाही. आणि त्याबरोबर ताप आला, उलटीमुळे पाणीही पोटात ठरेनासे झाले किंवा लघवी कमी झाली, तर घरगुती उपाय करत बसण्याची ती वेळ नव्हे.

तापाविषयी तर दुमत नसावे. केमोच्या काळात ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट ताप आला की क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहायची नाही; पांढऱ्या पेशी घसरलेल्या असताना जंतुसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. स्वादुपिंडाच्या रुग्णांत त्याला आणखी एक कारण असते : पित्तनलिकेत ती उघडी राहावी म्हणून बसवलेली नळी, म्हणजे स्टेंट, तुंबणे. हुडहुडी भरून ताप येतो, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते आणि शौच पांढुरके होते. फिके शौच म्हणजे एन्झाइमची कमतरता, असे समीकरण मनात पक्के झालेल्या आमच्यासारख्या कुटुंबांनी हे विशेष लक्षात ठेवले पाहिजे. फिक्या शौचाबरोबर गडद लघवी असेल तर तो प्रश्न कॅप्सूलचा नसतो.

आता या औषधाच्या उणिवांकडे वळतो. पहिली उणीव गिळण्याची. २५,००० ची कॅप्सूल आकाराने मोठी असते आणि फ्लुरोयुरॅसिलमुळे तोंड आल्यावर ती घशाखाली उतरवणे कष्टाचे होते. अशा वेळी कॅप्सूल उघडून आतले दाणे चमचाभर थंडगार नसलेल्या, किंचित आंबट, मऊ पदार्थात, उदाहरणार्थ शिजवून कुस्करलेल्या सफरचंदात, मिसळून लगेच गिळता येतात. मात्र दाणे दाताखाली येता कामा नयेत आणि हिरड्यांत अडकूनही राहता कामा नयेत. ती पचवणारी एन्झाइम आहेत आणि तोंडाच्या नाजूक त्वचेवर रेंगाळली तर तेथेच जखम करतात. तोंड आधीच सोललेल्या माणसासाठी हा धोका साधा नाही. त्यानंतर पाणी पिऊन, मीठ आणि खाण्याच्या सोड्याच्या कोमट पाण्याने चूळ भरायची सवय लावावी. ती चूळ तोंड आल्यावर एरवीही उपयोगी असतेच.

'थंडगार नसलेल्या' असे मुद्दाम लिहिले, कारण ऑक्सॅलिप्लॅटिननंतर काही दिवस थंड वस्तूचा स्पर्श सहन होत नाही. फ्रीजचे दार उघडून दुधाची पिशवी हातात घेतली तरी बोटांत झिणझिण्या येतात, आणि उन्हाळ्यात माठातले पाणी प्यायल्यावर अण्णांना घसा आवळल्यासारखे झाले होते. त्या दिवसांत ताकही बाहेर ठेवून, खोलीच्या तापमानाला आल्यावरच द्यावे. तोंड येऊ नये म्हणून काही केमोत बर्फ चघळायला सांगतात, तो सल्ला येथे लागू पडत नाही.

दुसरी गोष्ट अनेक पुणेकर कुटुंबांना अडवते, आणि तिच्याविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही. हे औषध डुकराच्या स्वादुपिंडापासून तयार होते. कॅप्सूलचे कवचही जिलेटिनचे, म्हणजे प्राणिजन्यच असते. अण्णा माळकरी आहेत. आळंदीच्या पालखीबरोबर त्यांनी वर्षानुवर्षे वाट चाललेली आहे आणि घरात अंडेही येत नाही. हे त्यांच्यापासून लपवावे, असे घरातल्या काहींचे मत होते. मला ते मान्य नव्हते आणि आईलाही नव्हते. डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सरळ सांगितले की या मात्रेचे आणि या खात्रीचे शाकाहारी औषध उपलब्ध नाही, आणि हे न घेतल्यास काय होईल तेही सांगितले. अण्णांनी दोन दिवस कॅप्सूल घेतली नाही. त्यांनी दिंडीतल्या एका ज्येष्ठ माळकऱ्यांना फोन केला, बराच वेळ बोलले, आणि संध्याकाळी जेवायला बसल्यावर स्वतःच वाटीतली कॅप्सूल उचलली. 'औषध म्हणून घेतोय, जिभेसाठी नाही,' इतकेच म्हणाले. दुसऱ्या कुणाचा निर्णय वेगळा होऊ शकतो; जैन आणि मुस्लिम कुटुंबांपुढेही हा प्रश्न उभा राहतो. पण तो निर्णय रुग्णाचा आहे आणि त्याला माहिती देऊनच तो झाला पाहिजे. माहितीपत्रकावर हे बारीक इंग्रजी अक्षरांत असते, आणि साठीच्या पुढचा किती मराठी रुग्ण ते वाचू शकेल?

उपलब्धतेच्या बाबतीत पुण्यात फार अडचण नाही, पण गाफील राहून चालत नाही. गल्लीतल्या औषधाच्या दुकानात १०,००० ची कॅप्सूल बहुधा मिळते. २५,००० ची मात्र मागवून घ्यावी लागते. रुग्णालयातील दुकान किंवा सदाशिव पेठेतील मोठे औषधविक्रेते हा भरवशाचा मार्ग. एका दुकानात आम्हाला 'हे पण पचनाचेच आहे' म्हणून वेगळ्याच गोळ्या देऊ केल्या गेल्या. डायस्टेज आणि पेप्सिन असलेली पाचक सिरपे किंवा गॅसवरच्या एन्झाइमच्या गोळ्या या कॅप्सूलची जागा घेऊ शकत नाहीत; पाकिटावर लायपेजचे युनिट लिहिलेले आहेत का आणि दाणे आम्लरोधक थराचे आहेत का, हे स्वतः पाहून घ्यावे. खर्च हा खरा जाच आहे. दिवसाला पाच-सहा कॅप्सूल धरल्या तर महिन्याचे बिल हजारांत जाते आणि हे औषध मध्येच थांबवता येत नाही. आरोग्यविमा असेल तर रुग्णालयातून घरी आल्यानंतरच्या औषधांची बिले पॉलिसीत किती दिवसांपर्यंत धरतात ते पाहून प्रत्येक पावती चिठ्ठीसह जपून ठेवावी. दर पाहूनच अनेक जण मात्रा निम्मी करतात, हे मला दिसले आहे आणि मी त्यांना दोष देऊ शकत नाही. तरीही, निम्मे पैसे घालून काहीच उपयोग न होण्यापेक्षा कोणत्या जेवणाला पूर्ण मात्रा द्यायची हे डॉक्टरांना स्पष्ट विचारणे बरे.

साठवणुकीचेही भान ठेवावे लागते. हे औषध २५ अंशांच्या आत, कोरड्या जागी ठेवायचे असते, आणि पुण्याचा एप्रिल-मे चाळिशीला टेकतो. गॅसच्या ओट्यावरची फळी किंवा उन्हात उभी केलेली गाडी ही तिची जागा नव्हे. आम्ही एका वेळी महिन्याहून अधिक साठा केला नाही आणि घेताना मुदतीची तारीख पाहून घेतली, कारण एन्झाइमची ताकद काळाबरोबर घटत जाते.

सर्व काही नियमाप्रमाणे करूनही पोट शांत होत नसेल तर आणखी एक कारण असू शकते. स्वादुपिंड रसाबरोबर आम्ल शमवणारे बायकार्बोनेटही पाठवते. तेही कमी पडल्यावर आतड्याचा सुरुवातीचा भाग आम्लच राहतो आणि दाण्यांवरचा थर वेळेवर विरघळत नाही. पँटोप्रॅझोलसारखे आम्ल कमी करणारे औषध जोडल्यावर कॅप्सूलचा परिणाम सुधारू शकतो. अण्णांना त्याचा फायदा झाला.

या कॅप्सूलकडून काय अपेक्षा ठेवू नये, हेही सांगितले पाहिजे. ती कर्करोगावर काम करत नाही. ती भूक लावत नाही. भुकेसाठी ओलान्झापिनचा विचार डॉक्टरांशी बोलून करता येतो. पुदुच्चेरीच्या जिपमर संस्थेत झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जठर, यकृत-स्वादुपिंड-पित्तमार्ग आणि फुप्फुस यांच्या पुढच्या टप्प्यातील कर्करोगात केमोबरोबर रोज २.५ मिलिग्रॅम ओलान्झापिन घेणाऱ्या ६० टक्के रुग्णांचे वजन ५ टक्क्यांहून अधिक वाढले, तर ते न घेणाऱ्यांत हे प्रमाण ९ टक्के होते. हे स्वस्त औषध आहे, मळमळीवरही चालते, आणि आपल्याच देशातील रुग्णांवर त्याचा अभ्यास झालेला आहे. पण ते मनोविकाराचे औषध म्हणून ओळखले जात असल्यामुळे चिठ्ठीवर पाहून घरचे बिचकतात; आम्हीही क्षणभर बिचकलो होतो. भूक लागून अन्न पोटात जाणे आणि गेलेले अन्न अंगी लागणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि त्यांना दोन वेगळी औषधे लागतात.

हातापायांची बधिरता, थकवा, गळणारे केस यांवरही या कॅप्सूलचा काही परिणाम नाही. फरक पडला तो इतका : वजन उतरायचे थांबले, शौचाच्या भीतीने घराबाहेर न पडणारे अण्णा संध्याकाळी सोसायटीच्या बाकावर जाऊन बसू लागले, आणि 'अशक्तपणामुळे केमो आठवडाभर पुढे ढकलू' हे वाक्य आम्हाला पूर्वीइतक्या वेळा ऐकावे लागले नाही. पांढऱ्या पेशींमुळे झालेला उशीर मात्र होतच राहिला, त्याला इंजेक्शनेच लागली.

वापर सुरू करणाऱ्यांना दोन गोष्टी आधीच माहीत असाव्यात. अन्न नीट पचू लागले की रक्तातील साखर वाढू शकते. स्वादुपिंडाच्या आजारात मधुमेह वारंवार आढळतो, त्यात केमोबरोबर दिले जाणारे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड साखर आणखी वर नेते. त्यामुळे मात्रा वाढवल्यानंतरचे काही दिवस साखर अधिक वेळा तपासून मधुमेहाच्या डॉक्टरांना कळवावे, म्हणजे इन्सुलिनची मात्रा वेळेत बदलता येते. दुसरे म्हणजे, चरबी बराच काळ पचलेली नसेल तर तिच्याबरोबर शोषली जाणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वेही कमी पडलेली असतात. के कमी झाले की रक्त गोठायला वेळ लागतो, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर हे अधिकच महत्त्वाचे ठरते. केमोच्या आधीच्या रक्ततपासणीत या गोष्टी आपोआप पाहिल्या जात नाहीत. पुढच्या भेटीत, खुर्चीवर बसल्या बसल्या, कॅप्सूलच्या मात्रेच्या प्रश्नाबरोबरच त्या विचारून घ्याव्यात.